सातबंधचं पाणी

"ह्या गावाला पाणी कुठून येतं?"

सन्मती मगदूमनं हा प्रश्न मला चोवीस वर्षांत किमान तीनशे वेळा विचारला असेल. म्हणजे बघा, मी इकडे घसा फोडून सांगतेय की डोंगराच्या कपारीतून तीन राक्षस निघालेत, एकाच्या हातात अख्खं झाड आहे, टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी फासे मुठीत घट्ट धरलेत, आणि हा गृहस्थ चष्मा पुसत विचारतोय, पाणी कुठून येतं?

"डोंबलातून येतं," मी ओरडायचे. "आधी जीव वाचव की!"

आमचा खेळ टेबलावरचा. तीनचार जण गोल बसतात. एक जण जग रचतो: डोंगर, गावं, राजे, चेटकिणी, सगळं तोंडानं सांगायचं. बाकीचे त्या जगातल्या एकेका माणसाचं सोंग घेतात आणि "मी आता असं करतो" म्हणत पुढे जातात. ते जमतं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जग रचणारी मी, मृणाल चौगुले. पोटापाण्यासाठी मिरजेतल्या एका शाळेत भूगोल शिकवते, म्हणून टेबलावरही मला मास्तरीणबाईच म्हणतात. २०१७ साली कॉलेजात सुरू केलेला हा खेळ २०४१ उजाडलं तरी आम्ही सोडला नव्हता. रविवारी दुपारी जेवणं झाली की इम्तियाज शिकलगारच्या कारखान्यात जमायचं. इम्तियाज तंबोरे करतो. भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, लाखेचा वास, आणि मधोमध आमचं टेबल.

इम्तियाजला हाणामारी हवी. सन्मतीला जग हवं. सन्मती नोकरीत पाणीपुरवठ्याचे नकाशे काढायचा आणि खेळातही तिमाण्णा नावाचा नकाशेवालाच झाला. तिमाण्णानं चोवीस वर्षांत एकदाही हत्यार उचललं नाही. लढाई लागली की झाडामागे जाऊन ओढ्यांची चित्रं काढायचा. लढाई जास्त झाली की सन्मती जांभया देणार, वर्णन जास्त झालं की इम्तियाज उठून खुंट्या तासायला बसणार. ह्या दोघांचा तोल सांभाळता सांभाळता माझे केस पिकले.

पण त्यातूनच सातबंध उभं राहिलं. सात बंधाऱ्यांवर वसलेलं शहर. मी सांगत गेले, सन्मती काढत गेला. कुठला पाट कुठल्या गल्लीतून जातो, कुठल्या घाटावर धुणी धुतात, उन्हाळ्यात कुठली विहीर आटते. सहा फुटी कागदावर त्यानं ते सगळं उतरवलं. ते शहर आमच्या दोघांचं होतं आणि मला ते खऱ्या मिरजेपेक्षा जास्त आवडायचं. खोटं कशाला बोलू?

चार वर्षांपूर्वी सन्मतीला मेंदूज्वर झाला. वाचला. चालायला लागला, हसायला लागला, बायकोला, आम्हाला ओळखायला लागला. आजारापर्यंतचं त्याला सगळं लख्ख आठवायचं, खेळाचे नियमसुद्धा. नवीन मात्र काहीच टिकेना. दिवसभर कसंबसं राहायचं आणि रात्री झोपला की पुसून जायचं. रोज सकाळी त्याच्यासाठी २०३७ सालच असायचं.

ह्या वर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी मी त्यांच्याकडे धपाट्यांचा डबा घेऊन गेले होते. सन्मती पोहे खात होता. त्याची बायको सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी. इतक्यात आतून चार्वी आली. त्याची मुलगी. तेरा वर्षांची, बापाच्या खांद्याला लागलेली. केस कापलेले, डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग, चपलेचा तुटलेला पट्टा सेफ्टी पिनेनं अडकवलेला, आणि नेहमीसारखी शीळ घालत. सन्मतीनं मान वर केली.

"तू कोण गं बाळ?"

"चार्वीची मैत्रीण, काका."

"अरे वा! बस की. ती दात घासत असेल, येईलच. सुजाता, हिला पोहे दे."

चार्वी बसली. बापाच्या समोर बसून पाहुण्यासारखे पोहे खाल्ले तिनं. ती नऊ वर्षांची होती तेव्हा तो आजारी पडला, आणि त्याच्या डोक्यात ती नऊचीच राहिली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. मला तिथं उभंच राहवेना.

चार्वी ताटली ठेवायला आली. "खरं सांगितलं की बाबा रडतात गं आत्या. दुसऱ्या दिवशी परत सांगायचं, परत रडतात. एकदा मैत्रीण म्हणाले तर हसले. मग तेच चालू ठेवलं."

"किती दिवस?"

"दोन वर्षं झाली." तिनं नळ सोडला. "मला काय वाटतं, सांगू? एकदाच रडू देत. पोटभर रडू देत. पण लक्षात राहू दे."

त्याच सुमारास डॉक्टर बेळवी भेटल्या. बाई स्पष्ट बोलणारी, म्हणून माझं त्यांच्याशी पटलं. त्यांनी समजावलं ते असं. आपण काहीही पाहिलं-ऐकलं की मेंदू आधी ते पेन्सिलीनं लिहून ठेवतो. काही तासांत ते पुसट होतं. पण आसपास काही थरारक, काही जिवाला भिडणारं घडलं, तर मेंदूत एक प्रथिन तयार होतं आणि ते शाईचं काम करतं. गंमत अशी की ही शाई फक्त त्या थराराला लागत नाही. आगेमागे जे जे पेन्सिलीनं लिहिलं असेल, फुटकळ असलं तरी, तेही पक्कं करून टाकते. अपघाताची बातमी कळली तेव्हा आपण कुठली भाजी निवडत होतो, हे म्हणून तर वीस वर्षांनीही आठवतं.

"सन्मतींची पेन्सिल चालू आहे," डॉक्टर म्हणाल्या, "शाई बनत नाही."

त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक पट्टा केला होता, कपाळाभोवती बांधायचा. आतून थरार उठला की पट्टा तो हेरतो, चुंबकाचे बारीक झटके देतो आणि शाई बनायला लावतो. मग मागच्या बाजूला हिरवा दिवा लागतो. तो असतो साधारण बारा मिनिटं. त्या वेळात जे सांगाल ते कायमचं. डॉक्टर त्याला खिडकी म्हणायच्या. अडचण एकच. थरार माणसाचा स्वतःचा हवा. सन्मतीला मारधाडीचे सिनेमे दाखवले, तो म्हणाला, खोटं आहे. जत्रेतल्या पाळण्यात बसवलं, तर ओकला.

सुजातानं खेळाचं नाव काढलं.

डॉक्टरांनी आमचे तीन रविवार पट्ट्यानं मोजले आणि प्रमाण काढून दिलं. लढाई दहा मिनिटं, मग वर्णन बारा मिनिटं. लढाई कमी पडली तर खिडकी उघडत नाही, लांबली तर सगळी शाई लढाईतच जाते. मी ऐकतच राहिले. अहो, चोवीस वर्षं ह्याच हिशेबापायी मी भांडतेय! आणि नशीब बघा, ज्याला लढाईचा कंटाळा, त्याच्यावर आता प्रत्येक आठवण लढून मिळवायची वेळ आली.

"शेवटी मीच बरोबर निघालो," इम्तियाज म्हणाला, पण हसला नाही.

आमच्या टेबलाचे दोन जुने नियम आहेत. पहिला, घरचं नाव टेबलावर आणायचं नाही. इम्तियाजनं एकदा सासऱ्यांच्या नावाचा राक्षस मारला आणि सासरे नेमके दारात उभे, तेव्हापासूनचा हा नियम. दुसरा, मास्तरीण सांगत असताना मध्ये बोलायचं नाही.

पहिल्या नियमानंच माझा घात केला. माझी सवयच तशी. आमचे गणिताचे सर सातबंधात जकात वसूल करायचे, माझी मावशी तिथं चेटकीण होती. खरी माणसं घ्यायची आणि नावं बदलून उभी करायची. चार्वीलाही मी तसंच आणलं. पाटकऱ्याची पोर, शेवंती. पाटाला पाणी सोडणाऱ्या माणसाची मुलगी. कोपरावर डाग, ओठांवर शीळ. दर रविवारी लढाई झाली, हिरवा दिवा लागला की मी शेवंतीबद्दल सांगायचे. ती आता उंच झाली. तिनं केस कापले. बाप नसताना तिनं एकटीनं पाटाचं दार उघडलं. मला वाटलं, आधी ओळख टिकू दे, नाव काय, मागाहून जोडू.

टिकली ना! चौथ्या महिन्यात सन्मती सकाळी उठून सुजाताला म्हणाला, "ती पाटकऱ्याची पोर फार धीट आहे गं." चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी झोपेनंतरही टिकलं होतं. सुजाता फोनवर हुंदके देत होती आणि इकडे मी वर्गात उभी, तीस पोरं बघतायत.

मग आठवड्याभरात चार्वीचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"आत्या, आज बाबांनी मला ओळखलं. म्हणाले, तू शेवंती ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खूप खूष झाले. माझा हात धरून म्हणाले, थांब, माझी चार्वी लहान आहे, तिला तुझ्याशी खेळायला आवडेल."

काय करून बसले होते मी! बापाच्या डोक्यात पोरीसाठी जागा केली आणि तिथं भलत्याच पोरीला नेऊन बसवलं. एका नियमापायी. आता शेवंतीच चार्वी, आणि मधली चार वर्षं गेली, हे त्याला खिडकीत सरळ सांगायला हवं होतं.

सुजाताला ते नको होतं. "आत्ता तो रडतो आणि विसरतो," ती म्हणाली. "ह्यानंतर विसरणार नाही. चार वर्षं वाया गेली, हे रोज डोक्यात घेऊन उठेल. तू जाशील तुझ्या घरी. मला ते बघायचंय."

"आई," चार्वी म्हणाली, "मी रोज त्यांना काका म्हणते."

सुजातानं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "कर. पण एकाच वेळेत होऊ दे. दोनदा मला जमणार नाही."

एकाच वेळेत. हेच डोक्यात घेऊन मी आठवडाभर तयारी केली. एवढं मोठं सत्य, त्याला शाईही तेवढीच लागणार. आणि सन्मतीला राक्षसांची भीती कधी वाटली? त्याचा जीव होता सातबंधात. मग मी ठरवलं. शत्रू येईल, वरचा बंधारा फोडेल, शहर बुडेल, आणि बांधावर शेवंती एकटी असेल. तिमाण्णाला त्या दिवशी हत्यार उचलावंच लागेल. ते ठरवताना मला रडू आलं, पण पोरीपुढं शहराचं काय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या रविवारी सन्मतीनं पट्टा बांधला. दिवा त्याच्या डोक्यामागे, मला समोरून दिसत नाही, म्हणून इम्तियाजला त्याच्या पाठीमागे बसवलं. हिरवा लागला की सांग, एवढंच काम. चार्वी भोपळ्यांच्या राशीजवळ स्टुलावर बसली होती. हातात कागद. चार वर्षांत काय काय झालं ते तिनं लिहून आणलं होतं. डॉक्टरांसाठी रेकॉर्डिंग सुरू केलं.

मी सुरुवात केली. सातबंधाची दुपार. घाटावर वाळत घातलेली धुणी. वरच्या बंधाऱ्यावर शेवंती उभी, शीळ घालतेय, डाव्या चपलेचा पट्टा तुटलाय आणि तिनं तो बाभळीच्या काट्यानं अडकवलाय. मग नगारे. मग धूळ. सन्मतीचे ओठ हलले, काहीतरी म्हणायचं होतं त्याला. मी थांबले नाही. शत्रू बांधाला भिडला. पहारी पडल्या. दगड निखळला, दुसरा निखळला, आणि मी बांध फोडला.

गल्लीमागून गल्ली बुडवली मी. त्याच्याच नकाशावर बोट ठेवून. धुण्याचा घाट, जकातनाका, माझ्या मावशीचं घर.

"तिमाण्णा काय करतो?" मी विचारलं.

सन्मती उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "पहार घेतो," तो म्हणाला. "पोरीला हात लावाल तर डोकी फोडीन." फासा टाकला. सतरा. पुन्हा टाकला. एकोणीस. शेवंती वाचली. शहर गेलं.

मी इम्तियाजकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो दचकला आणि हात वर केला. "लागलाय, लागलाय!"

चार्वी धावत पुढे आली. कागद तिच्या हातातून पडला, तिनं उचललाही नाही. बापाचे दोन्ही हात धरले.

"बाबा, मी चार्वी. मी आता तेरा वर्षांची आहे. तुम्ही आजारी होता. चार वर्षं गेली. ती शेवंती मीच होते."

"चार्वी?"

"हो बाबा. मी पाचवीत असताना..."

"विझला," इम्तियाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सन्मती चार्वीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "तेरा?" त्यानं विचारलं. "तेरा," ती म्हणाली. मग तो दारातच खाली बसला आणि रडला, आणि ती त्याच्या शेजारी बसून राहिली. त्याच्या पुढच्या सकाळीही तो तिच्या नावानं हाक मारतच उठला. त्याच्याही पुढच्या. हळूहळू रडणं कमी झालं. कालचं रडणं आठवत नसलं तरी दुःख अंगवळणी पडतं, असं डॉक्टर म्हणाल्या. चार्वीनं पुन्हा कधी त्याला काका म्हटलं नाही.

पण शाई फक्त तिच्या वाक्याला लागली नव्हती. रोज सकाळी सन्मतीला दोन गोष्टी आठवायच्या. पोरगी मोठी झालीय आणि मृणालनं सातबंध बुडवलं. दोन्ही कालच घडल्यासारख्या. त्यानं नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. रविवारी पट्टा सुजाताला परत दिला आणि म्हणाला, "मी मृणालच्या खेळाला जाणार नाही." पाच रविवार गेले. मी घरी गेले तर तो आत निघून गेला. आजारात ज्यानं मला एकदाही परकं केलं नव्हतं, तो आता मला बघून आत जायचा. मला ते फार लागलं.

सहाव्या आठवड्यात डॉक्टर बेळवींनी बोलावलं. पडद्यावर आलेख होता.

"इथं खिडकी उघडली बघा. दोन वाजून अठरा मिनिटांनी. तेव्हा लढाई कुठली चालू होती?"

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. दोन अठरा. माझाच आवाज. डाव्या चपलेचा पट्टा तुटलाय आणि तिनं तो बाभळीच्या काट्यानं अडकवलाय.

नगारे त्यानंतर. बांध फुटला दोन तेवीसला.

त्या दिवशी सकाळी चार्वीची चप्पल त्यानं पाहिली होती. मी ते काही ठरवून सांगितलं नव्हतं, सवयीनं आलं तोंडात. आणि तेवढ्यानं त्याच्या काळजात हललं होतं. खिडकी सताड उघडी, आणि मी त्यातून अकरा मिनिटं आधी शत्रू आणि मग पाण्याचे लोंढे आत सोडत होते. पोरीला जेमतेम शेवटचं अर्धं मिनिट मिळालं.

मी तडक कारखान्यात गेले. "इम्तियाज, दिवा कधी लागला होता?"

तो तंबोऱ्याला लाख देत होता. हात थांबला. "चपलेपाशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगत होतीस," तो म्हणाला. "मास्तरीण सांगत असताना मध्ये बोलायचं नाही. म्हटलं, वाक्य संपू दे. मग बांध फुटला आणि मला भानच राहिलं नाही."

चोवीस वर्षं ह्या माणसानं दर वाक्याला मला अडवलं. एक दिवस नियम पाळला. नियम माझे होते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच टेबलाशी बसलो होतो. फासे पेटीतच. इतक्यात दारात चार्वी दिसली, आणि तिचा हात धरून सन्मती. त्याच्या काखेत नकाशाची गुंडाळी होती. आदल्या दिवशी मी चार्वीला आलेखाचं सगळं सांगितलं होतं. तिनं ते सकाळी त्याला सांगितलं असणार.

तो समोर बसला. चष्मा पुसला.

"ती चप्पल," तो म्हणाला. "मी तेव्हाच ओळखलं होतं तिला. बोलणारच होतो. मग बांध का फोडलास?"

"मला वाटलं, तू घाबरायला हवास."

"शहरासाठी नाही घाबरलो मी मृणाल. पोरीसाठी घाबरलो. शहर उगाच गेलं."

"हो," मी म्हणाले. "चुकलं माझं. फार मोठं चुकलं." आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर. लपवलंही नाही.

त्यानं नकाशा टेबलावर उलगडला. कडा हातानं सरळ केल्या. बुडालेल्या गल्ल्यांवरून बोट फिरवलं.

"पाणी ओसरलं असेल ना आता?"

"ओसरलं असेल."

"लोक परत आले असतील."

"थोडे आलेत."

"मग सांग की." त्यानं पेन्सिल काढली. "प्यायला पाणी कुठून आणतायत?"

त्याच्या कपाळावर पट्टा नव्हता. मी जे सांगेन ते उद्या सकाळी त्याला आठवणार नव्हतं. मी चार्वीकडे पाहिलं. तिनं दप्तरातून वही काढली, पान उघडलं.

"सांग आत्या. मी लिहून घेते. सकाळी वाचून दाखवीन."

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. वरच्या आळीत एक जुनी विहीर होती, गाळानं भरलेली. शेवंती आणि आणखी चार जण ती उपसतायत. इम्तियाजनं संध्याकाळपर्यंत एकदाही हाणामारीचं नाव काढलं नाही.

"चार्वी," सन्मती मान वर न करता म्हणाला, "विहिरीची खोली लिहिलीस का?"

"लिहिली, बाबा."